तोफेचा धक्का जातो कुठे?

नववीला गतीचे नियम शिकवताना बंदुकीचे गणित येतेच. गोळीचे वस्तुमान इतके ग्रॅम, तिचा वेग इतका, बंदुकीचे वस्तुमान इतके किलोग्रॅम, तर बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढा. संवेग अक्षय्यतेचे सूत्र लिहायचे, आकडे घालायचे, उत्तराला उणे चिन्ह लागले की ‘म्हणजे बंदूक मागे येते’ असे म्हणायचे आणि पुढच्या गणिताकडे वळायचे. हरसूलच्या एका वर्गात हे असेच चालले असताना एका मुलीने विचारले, ‘‘सर, देवळालीच्या तोफा टीव्हीवर दाखवतात ना, त्यांची फक्त नळी मागे जाते आणि परत पुढे येते. गाडा तिथल्या तिथेच असतो. मग आपलं उत्तर चुकलं का?’’

उत्तर चुकलेले नसते. पण ते अपुरे असते, आणि हा अपुरेपणा पुस्तकातल्या गणितांत कधी उघडा पडत नाही. सूत्र आपल्याला धक्क्याचे माप सांगते. त्या धक्क्याचे पुढे काय होते, हे ते सांगत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना तोफ तशी परकी नाही. देवळालीला भारतीय सेनेचे तोफखाना विद्यालय आहे, नाशिकरोडला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. देवळालीच्या मैदानावर ‘तोपची’ या नावाने होणारे प्रात्यक्षिक मुलांनी दूरदर्शनवर किंवा भ्रमणध्वनीवर पाहिलेले असते. तेव्हा बंदुकीऐवजी तोफच घेऊ. आकडे मोठे असले की गोष्टी स्पष्ट दिसतात.

बोफोर्स तोफेचा गोळा साधारण ४३ किलोग्रॅमचा असतो आणि पूर्ण दारू भरली तर तो सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. हिशेबाच्या सोयीसाठी आपण एक काल्पनिक तोफ घेऊ. गोळा ४० किलोग्रॅम, वेग ८०० मीटर प्रति सेकंद, नळी ६ मीटर लांब. नळी आणि तिच्यासोबत मागे सरकणारे भाग मिळून ३,२०० किलोग्रॅम, तर संपूर्ण तोफ १२ टन. (दारूचा वायूही गोळ्यामागून जोरात बाहेर पडतो आणि धक्क्यात बरीच भर घालतो. तो हिशेब आज सोडून देऊ.)

गोळ्याचा संवेग ४० × ८०० म्हणजे ३२,००० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तेवढाच संवेग उलट दिशेने तोफेला मिळणार. त्यातून सुटका नाही. आता तोफ चाकांवर मोकळी उभी असेल, तर ३२,००० भागिले १२,०००, म्हणजे सेकंदाला सुमारे २.७ मीटर वेगाने ती मागे जाईल. बारा टनांचा गाडा धावत्या माणसाच्या वेगाने मागे येतो आहे असे डोळ्यांसमोर आणा. जुन्या तोफांचे हेच होत असे. प्रत्येक बारानंतर गोलंदाज गाडा ढकलत जागेवर आणत, पुन्हा नेम धरत आणि मगच पुढचा बार. (क्रिकेटमधला आपला गोलंदाज हा मूळचा तोफखान्यातला. शब्द मैदानावरून मैदानावर आला.)

बरे, गाडा मागे जाऊ नये म्हणून तो जमिनीत घट्ट रोवला तर? गोळ्याला नळीतले ६ मीटर पार करायला किती वेळ लागतो ते पाहा. वेग शून्यापासून ८०० पर्यंत वाढतो, सरासरी ४०० धरला तर ६ भागिले ४०० म्हणजे ०.०१५ सेकंद. एवढ्या वेळात ३२,००० एवढा संवेग द्यायचा तर बल लागते सुमारे २१ लाख न्यूटन. हे २०० टनांहून अधिक वजनाइतके बल झाले. बारा टनांच्या गाड्याचे सांधे, चाके, आस सगळे या बलाखाली काही बारांतच खिळखिळे होतील.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी यावर सर्वांत सरळ उपाय केला होता, तो म्हणजे वजन. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. एवढ्या वस्तुमानाला गोळ्याचा संवेग दिला तरी प्रतिक्षेप वेग थोडाच येणार. उपाय चोख आहे, फक्त अशी तोफ एकदा बुरुजावर चढली की तिथलीच होऊन राहते.

गाडा हलकाही हवा आणि जागेवरही राहायला हवा, हा पेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुटला. गाडा जमिनीत रोवायचा, पण नळी गाड्याला पक्की न जोडता घसरगुंडीसारख्या पाळण्यात बसवायची आणि तिला मागे येऊ द्यायचे. मोकळेपणाने नव्हे, तर अडवत अडवत. कोनराड हाउसनर या जर्मन अभियंत्याने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशी कल्पना मांडली होती. ती पूर्ण यशस्वी रूपात आली फ्रान्सच्या १८९७ सालच्या ७५ मिलिमीटर तोफेत. तिची नळी एक मीटरहून जास्त मागे येई आणि परत जागेवर जाई, गाडा मात्र स्थिर राही. नेम पुन्हा धरावा लागत नसल्यामुळे ही तोफ मिनिटाला पंधरा गोळे टाकू शकत असे. फ्रेंचांनी तिच्या आतली रचना अनेक वर्षे कसोशीने गुप्त ठेवली. गुप्त ठेवण्यासारखे त्यात होते तरी काय? मुख्यतः तेल, दाबलेली हवा आणि ती निसटू न देणाऱ्या बंदिस्त जागा.

आपल्या काल्पनिक तोफेची नळी पाळण्यात बसवू. नळीचे वस्तुमान ३,२०० किलोग्रॅम, म्हणून तिला मिळालेला वेग सेकंदाला १० मीटर. तिची गतिज ऊर्जा ½ × ३,२०० × १००, म्हणजे १,६०,००० ज्यूल. गोळ्याची गतिज ऊर्जा काढून पाहा, ती १ कोटी २८ लाख ज्यूल येते. दोघांचा संवेग सारखा, पण ऊर्जेत ऐंशी पटींचा फरक, कारण वस्तुमानांत ऐंशी पटींचा फरक आहे. संवेग आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांच्या मनावर ठसवायला याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता ही नळी एक मीटर अंतरात थांबवायची आहे. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणून सरासरी बल १,६०,००० न्यूटन, सुमारे १६ टन वजनाइतके. वेळ काढला तर सरासरी वेग ५ मीटर प्रति सेकंद, म्हणून ०.२ सेकंद. संवेगाच्या बाजूने पडताळा पाहा. ३२,००० भागिले ०.२, पुन्हा १,६०,००० न्यूटन. संवेग रतीभरही कमी झालेला नाही. तो ०.०१५ सेकंदाऐवजी ०.२ सेकंदात गाड्याला आणि गाड्यामार्फत जमिनीला दिला गेला एवढेच. म्हणून २०० टनांचे १६ टन झाले. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो ते याच कारणाने, पण ते उदाहरण पुस्तकात आहेच.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. गाडा हलला नाही, कारण त्याच्या मागच्या लांब पायांच्या टोकांना असलेले फाळ जमिनीत रुतलेले होते. संवेग पृथ्वीला मिळाला. पृथ्वीचे वस्तुमान मलिक-ए-मैदानपेक्षाही बरेच जास्त असल्याने तिचा प्रतिक्षेप वेग कोणाला दिसत नाही.

पाय लांब का, तेही याच आकड्यांवरून कळते. नळी जमिनीपासून समजा १.३ मीटर उंच आहे. १,६०,००० न्यूटन बल तिथे मागे ढकलते आणि तोफेचे तोंड वर उचलून तिला मागे उलटवू पाहते. उलट बाजूने बारा टनांचे वजन तिला खाली दाबते. आघूर्णे समान ठेवायची तर गुरुत्वमध्यापासून फाळापर्यंत किमान पावणेदोन मीटर अंतर हवे. ते सहज देता येते. पण बल २१ लाख न्यूटनच राहिले असते तर हेच अंतर तेवीस मीटरच्या आसपास आले असते. एवढ्या लांब पायांची तोफ घाटातल्या वळणावर नेणार कशी?

आणखी एक शंका हुशार मुले काढतात. नळी मागे सरकते आहे, मग गोळ्याचा नेम चुकत नाही का? कोणत्याही क्षणी गोळ्याचा आणि नळीचा संवेग सारखाच असतो, म्हणून दोघांनी कापलेली अंतरे वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतात. गोळा ६ मीटर जाईपर्यंत नळी मागे येते ६ मीटरचा ऐंशीवा भाग, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. बाकीचे ब्याण्णव सेंटिमीटर ती मागे येते तेव्हा गोळा केव्हाच निघून गेलेला असतो. शिवाय त्या साडेसात सेंटिमीटरांत ती पाळण्याच्या सरळ रेषेतच सरकते.

आता खरी मेख. नळी अडवायची कशाने?

पहिला विचार स्प्रिंगचा येतो. स्प्रिंग जितकी दाबावी तितके तिचे बल वाढते. सुरुवातीला बल शून्य, शेवटी सर्वांत जास्त. सरासरी १,६०,००० हवे असेल तर शेवटचे बल त्याच्या दुप्पट, ३,२०,००० न्यूटन होणार. म्हणजे गाडा त्या दुप्पट बलाच्या हिशेबाने मजबूत बांधावा लागेल. पण याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. स्प्रिंग ऊर्जा खात नाही, फक्त ठेवून घेते. थांबलेल्या नळीला ती सगळी ऊर्जा परत देईल आणि ३,२०० किलोग्रॅमची नळी सेकंदाला जवळजवळ दहाच मीटर वेगाने पुढे जाऊन आदळेल. एक धक्का वाचवायला गेलो आणि दोन पदरात घेतले.

मग तेल? तेलाने भरलेल्या नळकांड्यात दट्ट्या बसवायचा, दट्ट्याला छिद्रे ठेवायची. दट्ट्या ओढला की तेल छिद्रांतून जोराने पलीकडे जाते आणि जाताना विरोध करते. या विरोधाचा गुण असा की तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट. आणि तेल ऊर्जा परत देत नाही. ती घुसळणीत उष्णता होऊन जाते. पण तेल नळीला जागेवर परतही आणत नाही. नुसत्या तेलावरची तोफ एक बार काढून मागे येऊन बसली असती आणि गोलंदाजांनी ती हातांनी पुढे ढकलली असती.

म्हणून दोन्ही हवेत. अडवणारे तेल आणि परत नेणारी स्प्रिंग. मोठ्या तोफांत पोलादी स्प्रिंगऐवजी बंद नळकांड्यात दाबलेला वायू वापरतात. दबलेला वायू ही स्प्रिंगच असते, फक्त ती तुटत नाही. फ्रेंच तोफेत साधी हवा होती. पुढे नायट्रोजन आला, त्याचे कारण शिक्षकांनी वर्गात जरूर विचारावे. हवेत ऑक्सिजन असतो, आणि तेलाच्या वाफेबरोबर हवा एकदम दाबली की काय होते ते आपल्या भागातल्या प्रत्येक डिझेल इंजिनावर दिसते.

हरसूलहून वाघेरा घाटाच्या वाटेने नाशिकला गेलेल्या कोणालाही ही जोडी ठाऊक आहे, त्याला कळले नसले तरी. एस.टी.च्या चाकांवर पोलादी पाटे असतात आणि त्यांच्या जोडीला तेलाचे शॉकॲब्सॉर्बर. पाटे खड्डा झेलतात. शॉकॲब्सॉर्बर निकामी झाला तर गाडी त्या एका खड्ड्यानंतर पुढची शंभर पावले डुलत राहते. पाटे गेले तर ती बसूनच जाते. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

जोडी जमवायची म्हणजे नेमके काय करायचे, ते आकड्यांत पाहू. नळी आकाशाकडे ७० अंशांत रोखली तर तिच्या वजनाचा सुमारे २९,००० न्यूटन एवढा भाग तिला मागे खेचत असतो. वायूने तिला तरीही वर धरून ठेवायला हवे, म्हणून त्याचे सुरुवातीचे बल याहून अधिक हवे. ४०,००० न्यूटन धरू. नळी मीटरभर मागे आली की वायू दबून हे बल ८०,००० होते असे समजू. सरासरी निघते ५६,००० च्या आसपास. म्हणजे नळी आडवी असताना १,६०,००० ज्यूलपैकी जेमतेम एक तृतीयांश वायूत साठतात, बाकीचे दोन तृतीयांश तेलाने खायचे.

एकूण बल सारखे १,६०,००० ठेवायचे तर तेलाचा वाटा सुरुवातीला १,२०,००० आणि शेवटी ८०,००० हवा. पण इथे अडचण आहे. नळीचा वेग कमी कमी होत जातो, आणि तेलाचा विरोध तर वेगाच्या वर्गावर अवलंबून. अर्ध्या वाटेवर वेगाचा वर्ग निम्मा झालेला असतो, छिद्र तेवढेच राहिले तर विरोधही निम्मा होईल. म्हणून छिद्रच लहान होत जाईल अशी योजना करतात. छिद्रातून एक निमुळता दांडा जातो, नळी मागे येईल तसा त्याचा जाड भाग छिद्रात येतो आणि तेलाची वाट अरुंद होते. आपल्या तोफेसाठी हिशेब केला तर अर्ध्या मीटरवर ही वाट मूळ क्षेत्रफळाच्या सुमारे तीन चतुर्थांश हवी, आणि नव्वद सेंटिमीटरवर तीन अष्टमांशाच्या जवळपास. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा आलेख स्वतः काढावा. बल वेगाच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि वाटेच्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, एवढे सूत्र पुरते.

त्या दांड्याचा आकार म्हणजे एका विशिष्ट नळीसाठी, विशिष्ट दारूसाठी आणि विशिष्ट वायुदाबासाठी पोलादात कोरलेला आलेख आहे. यातले काहीही एक बदलले की बाकीचे बेताल होतात. वायू थोडा गळला तर आडव्या तोफेत कदाचित काहीच जाणवणार नाही, पण नळी उंच रोखून बार काढला की ती पूर्ण वर परत येणार नाही. तेल कमी पडून नळकांड्यात पोकळी राहिली तर दट्ट्या सुरुवातीचे काही अंतर विरोधाशिवाय धावेल आणि नळी शेवटी अडणीवर आदळेल. बार काढण्यापूर्वी तेल आणि वायू तपासणे ही म्हणूनच गोलंदाजांची रोजची शिस्त असते. तोफेच्या मागे आणि बाजूला माणसे उभी असतात, आणि मागे येणारी नळी तीन टनांची असते.

दारू कमी भरली तर काय होईल? जवळच्या माऱ्यासाठी ती कमी भरतातच. गोळ्याचा वेग ४०० झाला तर नळीचा वेग ५, ऊर्जा एक चतुर्थांश, ४०,००० ज्यूल. स्प्रिंग एकटी असती तर नळी निम्मेच अंतर मागे आली असती. इथे वेग निम्मा झाल्यावर तेलाचा विरोधही आपोआप चौथाई होतो, त्यामुळे नळी साधारण साठ सेंटिमीटर मागे येऊन थांबते आणि वायू तिला परत नेतो. कोणी काही फिरवायचे-जुळवायचे नाही.

अशीच जुळवणी फार छोट्या प्रमाणावर आपोआप भरणाऱ्या रायफलीत असते. आपल्या सेनेने अनेक दशके वापरलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या एस.एल.आर. रायफलीत गोळीमागचा थोडा वायू वळवून त्याच्या दाबाने आतला सांगाडा मागे ढकलला जातो. रिकामे काडतूस बाहेर पडते, स्प्रिंग दबते आणि परत येताना पुढचे काडतूस भरते. वायू जास्त झाला तर भाग आदळून झिजतात, कमी पडला तर सांगाडा अर्ध्या वाटेत थांबतो. वायू, सरकणारे वस्तुमान आणि स्प्रिंग या तिघांचे गणित कारखान्यात चाचण्या घेऊन बसवलेले असते. घरी शस्त्र बनवणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्यांच्या हातात गावठी बंदूक फुटली त्यांना कायदा वाचून दाखवावा लागत नाही.

उष्णतेचा हिशेब राहिला. परत जाणारी नळीही पुन्हा तेलानेच आवरलेली असते, नाहीतर ती पुढे आदळेल. म्हणजे वायूत साठलेली ऊर्जाही शेवटी बहुतेक उष्णताच होते. तेल २० किलोग्रॅम आणि त्याची विशिष्ट उष्मा किलोग्रॅमला अंशामागे २,००० ज्यूल धरली, तर प्रत्येक बाराला तेल ४ अंशांनी तापते. लागोपाठ दहा बारांत चाळीस अंश! तापलेले तेल फुगते आणि ते सामावून घ्यायला वेगळी जागा नसेल तर नळी पूर्ण पुढे जाऊच शकत नाही. त्यासाठी शेजारी एक छोटे नळकांडे असते, फुगलेले तेल त्यात जाते आणि थंड झाल्यावर परत येते.

थंडीत उलटे. देवळालीच्या उन्हाळ्यात ३७ अंश सेल्सिअस तापमानाला भरलेला वायू द्रासच्या हिवाळ्यात उणे २३ अंशांवर गेला, तर केल्व्हिनमध्ये ३१० चे २५० झाले. दाब जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरला. आपल्या तोफेचे ४०,००० न्यूटन ३२,००० वर येतील. ७० अंशांत रोखलेल्या नळीला धरून ठेवायला लागतात २९,०००. काठावर पास. घर्षणाचा वाटा धरला तर कदाचित नापास. १९९९च्या कारगिल युद्धात डोंगरांवर बोफोर्स तोफांनी मोठी कामगिरी केली, त्यात गोलंदाजांच्या निशाणाचे कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. पण उंच रोखलेल्या नळ्या दर वेळी जागेवर परत येत होत्या याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

हलक्या तोफेचा हव्यास मात्र सुटत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीला एम-७७७ ही अमेरिकी हॉवित्झर सेनेत दाखल झाली. तीही १५५ मिलिमीटरचीच, पण टायटॅनियम वापरून केलेली असल्याने तिचे वजन सुमारे ४.२ टन आहे आणि हेलिकॉप्टरला टांगून ती डोंगरावर नेता येते. धक्का जवळपास तेवढाच, पण उलटण्यापासून वाचवणारे वजन बोफोर्सच्या साधारण तिसरा हिस्सा. मग काय करायचे? आघूर्णाचे सूत्र सांगते तेच. नळी जमिनीच्या खूप जवळ आणली, तिला लांबवर मागे येऊ दिली आणि तोंडाशी वायू बाजूला वळवणारी जाळी बसवली. ही जाळी हाच एक प्रकार असा आहे की जो धक्का वाटून न देता खरोखर कमी करतो, कारण मागे वळलेला वायू नळीला पुढे ओढतो. दुसऱ्या महायुद्धात २५ पौंडी तोफेला ती रणगाड्यांविरुद्ध जादा दारू वापरता यावी म्हणून बसवली गेली. तिची किंमत गोलंदाजांचे कान मोजतात आणि समोरची धूळ शत्रूला जागा दाखवते.

वर्गात हे सगळे दाखवायला तोफ लागत नाही. ५० मिलिलिटरच्या दोन नव्या सिरिंज आणा, सुया नकोत. पहिलीत हवा भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबून सोडा. तो उसळून परत येतो. हा झाला वायू. दुसरीत पाणी भरा, तोंड पाण्याच्या भांड्यात बुडवा. हळू दाबली तर ती सहज जाते, जोराने दाबायला गेलात तर हट्ट करते, आणि सोडल्यावर परत येत नाही. हे झाले तेल. मग दोन्ही दट्ट्यांच्या माथ्यांना एकच पट्टी बांधा आणि पट्टी दाबून सोडा. या वेळी दट्टे परत येतील, पण उसळून नव्हे, सावकाश.

मोजमाप करायचे असेल तर पाण्याची सिरिंज उभी बांधून दट्ट्यावर वजन ठेवा आणि ती रिकामी व्हायला लागलेला वेळ मोजा. नंतर चौपट वजन ठेवा. विरोध खरोखर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असेल तर वेळ निम्मा यायला हवा. पहिल्या प्रयत्नात तो तसा येणार नाही. कारण रबरी दट्ट्याचे स्वतःचे घर्षण. रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या हलवायला किती वजन लागते ते आधी मोजा, दोन्ही वजनांतून वजा करा आणि उरलेली वजने एकास चार या प्रमाणात येतील अशी निवडा. मग पाण्याऐवजी गोडेतेल घालून तोच प्रयोग करा. वेळ आता निम्म्याहूनही कमी, चौथाईकडे झुकू लागला तर समजावे की जाड तेलात वर्गाचा नियम सुटून साध्या समप्रमाणाचा नियम येऊ लागला आहे. तोफेच्या तेलासाठी पातळ तेल का निवडतात, याचे उत्तर मुलांना त्या आकड्यांतून शोधू द्यावे.